आसरांच्या डोहावरचा डबा

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णनं मागितली तेव्हा मी गप्प बसले होते. वर्गातल्या मुली केरळ, राजस्थान फिरून आलेल्या. माझा प्रवास म्हणजे उन्हाळ्यात चाकणहून एसटीने बीडकडच्या आमच्या गावी जायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत यायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे कशाला प्रवास म्हणायचं आणि कशाला नाही, हे विचारायलाही घरी कोणी नव्हतं.

आता ज्याबद्दल लिहिते आहे ते ठिकाण तर आमच्या खोलीपासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या आतलं आहे. प्रवासाच्या मुळाशी अक्षांश-रेखांश होते, पण त्या जागेचे मी इथे देणार नाही. गावाचं नावही नाही. वाचणाऱ्याने तिथे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुनावळे

ही कल्पना ऋतुजाची. ती माझ्या वर्गात आहे, पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीत राहते. परदेशातल्या तिच्या मावसभावाने तिला जिओकॅशिंग शिकवलं. लोक कुठेतरी छोटे डबे लपवून ठेवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतात. आपण फोनच्या नकाशावर चालत जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात. एखादी आवडली तर घ्यायची, मात्र बदल्यात आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा लपवायचा.

मी घरी हे सांगितलं तेव्हा पप्पा जेवत होते. ते चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेसवर आहेत.

"कॅश शोधायला चाललीस? मग मलाबी घेऊन चल की," ते म्हणाले.

आपल्या भागात डबे लपवणारे कोण आहेत ते आम्हाला कळलं नाही, पण त्यांना जुन्या गोष्टींचा नाद असावा. प्रत्येक डबा एखाद्या जुन्या खुणेजवळ होता आणि ॲपवर त्या खुणेबद्दल चार ओळी लिहिलेल्या होत्या. देहूच्या रस्त्यावर एक शिवेचा दगड सापडला. मी लहानपणापासून त्याच्या शेजारी उभी राहून बसची वाट पाहत आले आहे.

पुनावळ्याला उंच इमारतींच्या कुंपणाला टेकून एक वीरगळ उभी होती. त्यावर फ्लॅटच्या जाहिरातीचा कागद चिकटवलेला, आणि डोक्यावर कोणीतरी ताजा झेंडू ठेवलेला. कागद हलकेच सोडवला तर खाली कोरीव काम निघालं. सगळ्यात खाली लढाई, वर महादेवाची पूजा आणि मधल्या पट्टीत मेलेल्या वीराला काखेत धरून वर नेणाऱ्या बायका. या अप्सरा, ॲपवर लिहिलं होतं, आणि आपल्याकडे पाणवठ्यावर ज्यांना साती आसरा म्हणतात त्याही ह्याच. दगड झिजून त्यांची तोंडं गेली होती. हात मात्र स्पष्ट होते. वीराच्या काखेत घट्ट रुतलेले.

आम्ही दगडामागे चाचपत होतो तर वडापावच्या गाडीवरून आवाज आला.

"काय हरवलं का ताई?"

"डबा शोधतोय," ऋतुजा म्हणाली.

"आमचा तर न्हाई ना? आमच्या बायकोचा डबा कोन शोधून खानार नाय, राव!"

गाडीवरचे सगळे हसले. आम्हीही हसलो, आणि तेवढ्यात माझ्या बोटांना प्लास्टिक लागलं. आत टिकल्यांचं पाकीट, एक शिट्टी आणि बोटाएवढी गुलाबी प्लास्टिकची बाहुली होती, हातपाय वर केलेलं तान्हं बाळ. मी माझं नवं खोडरबर ठेवलं आणि बाहुली घेतली. का घेतली, सांगता येत नाही. तिचे डोळे मिटलेले होते, एवढंच.

चाकणच्या पुढे

त्याच दिवशी आम्ही चाकण ओलांडून पुढे गेलो. रविवार होता, कॉलेज बंद, पण कंपन्या चालू. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. बाजाराजवळ खेकडा भजी खाल्ली. कांद्याच्या पोत्यांच्या वासात कांद्याचीच भजी खाताना फार बरं वाटतं, ऋतुजाला ते पटलं नाही.

नकाशावरचा ठिपका एका कंपनीच्या भिंतीमागे दाखवत होता. भिंत लांबलचक, सरळ, आणि मध्येच एका ठिकाणी आत वळलेली. गावाची जमीन गेली तेव्हा पाण्याकडे जायला एवढी वाट राखली असावी. जेमतेम एक माणूस जाईल इतकी. त्या बोळातून गेलं की ओढ्याचा डोह लागतो. काळंशार पाणी, काठावर एक म्हातारा उंबर, आणि त्याच्या बाजूला ओळीने मांडलेले सात दगड. शेंदूर, हळद, फुटलेल्या हिरव्या बांगड्या.

भिंतीपलीकडून धप्प असा आवाज आला आणि पाण्याच्या मधोमध एक गोल तरंग उठला. मी ऋतुजाचा हात धरला.

"प्रेस आहे अगं," मीच मग म्हणाले. "पप्पा सांगतात, मोठा प्रेस आपटला की शेजारच्या टपरीवरचा चहा हलतो."

पुन्हा धप्प. पुन्हा तरंग. तो काठाला लागेपर्यंत पुढचा उठायचा. भिंतीच्या सावलीत नेटवर्क गेलं, त्यामुळे डबा नेमका कुठे लपवलाय याची ॲपवरची खूण वाचता आली नाही. पण शोधायची वेळच आली नाही. सातव्या दगडामागच्या कपारीत स्टीलचा एक जुना जेवणाचा डबा होता. आत खणाचा तुकडा, हिरव्या बांगड्या आणि हाताच्या पंजावर मावेल एवढा लाकडी पाळणा. नाव लिहायचा कागद नव्हता. ओल लागून कुजला असेल, आम्ही ठरवलं.

मी पाळणा घेतला आणि बाहुली ठेवली. नियमाप्रमाणे.

घरी

आईने पाळणा पाहिला तेव्हा ती भाकरी थापत होती. हात तसाच राहिला.

"कुठून आणलंस गं हे?"

मी सांगितलं. तिने तवा उतरवला.

"पाण्याजवळचं होतं? आणि सात दगड होते? आगं लेकरा, ते कुणीतरी नवसाचं वाहिलंय. आसरांचं उचलून कुणी शीव ओलांडतं का? शिकतीस ना तू?"

आमच्या गावीही नदीवर आसरा आहेत. तिथून काही उचलायचं नाही हे मला माहीत होतं. पण तिथले दगड आमचे होते. इथल्या दगडांना मी ॲपमधली जागा समजले. दुसरं कारण मला सापडत नाही.

"दिवसाउजेडी जाऊन ठेवून ये," आई म्हणाली.

लगेच जाणं झालं नाही, परीक्षा आली. पाळणा खिडकीत होता. तो ओला होता. डोहाकाठचा म्हणून ओला असणारच, असं मी स्वतःला सांगितलं. आईने फडक्याने पुसला, पत्र्यावर उन्हात ठेवला. संध्याकाळी काढला तर तसाच. हाताला गार, आणि त्याला शेवाळाचा वास. खिडकीच्या फळीवर खाली ओलीचा डाग पडला, तो रोज थोडा मोठा होत गेला. एके दुपारी घरात वारा नसताना पाळणा झुलताना मी पाहिला. बाहेर मालाचा ट्रक गेला होता, त्याने असेल.

पुन्हा डोहावर

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी ऋतुजा आणि मी परत गेलो. पाळणा ठेवायचा, बाहुली घ्यायची, निघायचं. एवढंच ठरलं होतं.

डबा कपारीतच होता. आत खण होता, बांगड्या होत्या. बाहुली नव्हती.

ऋतुजाने या वेळी खूण आधीच फोनमध्ये उतरवून आणली होती. ती उंबराकडे गेली, मुळाच्या पोकळीत हात घातला आणि एक काळी बाटली बाहेर काढली. आत कागदाची गुंडाळी. खेळातला खरा डबा हा होता.

"मग तो स्टीलचा कोणाचा?" ती म्हणाली.

बोळातून बांगड्यांचा आवाज आला. पाळणा पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर. दोन बायका आल्या. पुढे एक वयस्क, डोक्यावर पदर, हातात दहीभाताचं पातेलं. मागे तिची सून, आमच्याहून थोडीच मोठी, पोट पुढे आलेलं, चाल जड. तिचं नाव सारिका, हे सासूच्या हाकांवरून कळलं.

"कुठल्या गं पोरी तुमी?"

"कॉलेजच्या, आजी. जुने दगड बघायला आलो," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"बघा की. आमच्या आसरा लई जागत्या हायत." तिने दगडांवर दहीभात ठेवला आणि उरलेला आमच्या हातावर घातला. आंबट, गार, मिरचीची फोडणी दिलेला.

"हिला दिस ऱ्हायचे आन् जायचे," ती सुनेसमोरच बोलत होती. "औंदा पाळना वाहिला तवा सांगूनच ठिवलं व्हतं, ह्ये शेवटचं. न्हाई टिकलं तर म्हायेरी धाडायची. पोराला दुसरी बघून ठिवली व्हती मी." मग तिचा आवाज खाली आला. "आन् काय सांगू, आसरांनी पाळना न्हेला आन् त्येच्या जागी बाळ ठिवलं. खरंखुरं. दाव गं सारिके."

सारिकाने कमरेला खोचलेली खणाची पुरचुंडी सोडली. मिटलेल्या डोळ्यांची माझी गुलाबी बाहुली तिच्या तळहातावर पडलेली.

"सहावा लागलाय आता," सासू म्हणाली. "हांड्याला हात लावू देत न्हाई मी हिला."

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. मी कसंबसं विचारलं, "आणि आजी, वाहिलेला पाळणा जर परत सापडला असता तर?"

"परत?" म्हातारीने दगडांकडे बघून कानाला हात लावला. "त्येंनी परत टाकला म्हंजी दिल्यालं परत मागितलं. मंग हिला घरात ठिवून काय करू?"

भिंतीपलीकडे प्रेस आपटला. तरंग उठला. सारिका माझ्या पिशवीकडे बघत होती. पिशवीचा खालचा कोपरा ओला झाला होता आणि त्यातून एक थेंब माझ्या चपलेवर पडला.

परतताना बोळातच ऋतुजा म्हणाली, "सांगायला हवं होतं. त्या म्हातारीला म्हणायचं, बाहुली देवीने नाही, आम्ही ठेवली."

"आणि मग?"

"मग काय, खरं ते खरं."

"तू सोसायटीत जाशील, मी खोलीवर जाईन. ती कुठे जाईल?"

ऋतुजा चिडली, झपाझपा पुढे गेली. ठेवता येत नव्हता, देता येत नव्हता, असा तो पाळणा मी पुन्हा घरी आणला. आईने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मग आता त्या बाईचं होईस्तोवर तो आपल्याकडं राहील. सांभाळ."

ऋतुजाने पुढे डबा लपवणाऱ्याला ॲपवर निरोप पाठवला, की ही जागा पूजेची आहे, इथला डबा बंद करावा. काही दिवसांनी नकाशावरून तो ठिपका गेला. उत्तर मात्र आलं नाही.

गुरुवार

हिवाळा गेला. उन्हाळा आला. आमच्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आई ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसते. फडकं निथळून वाळायचं. पाळणा वाळत नव्हता. मी कॉलेजातून आले की आधी त्याला हात लावायची. ओला असला की मला हायसं वाटायचं. याचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

वैशाखातल्या एका गुरुवारी सकाळी हात लावला तर पाळणा कोरडा होता. कडकडीत. कडेच्या लाकडाला बारीक चीर गेली होती. फळीवरचा डागही नव्हता.

मी तो पिशवीत घातला. सारिकाचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता, घर माहीत नव्हतं. पप्पांना सुट्टी होती. त्यांनी काही न विचारता मोटरसायकल काढली.

रस्त्यावर ट्रक नव्हते, कंपनीच्या फाटकात वॉचमन खुर्चीवर पेंगत होता. पप्पा भिंतीच्या सावलीला थांबले. मी बोळातून आत गेले. आजूबाजूचे ओढे आटून भेगाळलेले, आणि डोह काठोकाठ.

सारिका उंबराखाली एकटी बसली होती. मांडीवर टोपडं घातलेली तान्ही मुलगी. इतकं लहान बाळ मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले, हातपाय वर.

"आलात व्हय," ती म्हणाली. "सव्वा महिना झाला. आज पहिल्यांदा पान्यावर आनली हिला." मग तिने हात पुढे केला. "सुकला न्हवं?"

मी पिशवीची चेनही उघडली नव्हती.

"काय?"

"पाळना. दुसरं काय आनलंय तुमी?"

मी तो तिच्या हातात दिला. तिने उलटापालटा करून पाहिला, चिरेवरून बोट फिरवलं.

"तुम्हाला माहीत होतं? आम्हीच बदलला ते?"

"त्या प्लास्टिकच्या बाळाच्या पाठीवर इंग्रजी लिवलंय," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "आसरांला इंग्रजी कवापासनं याया लागलं?"

मलाही हसू आलं, आणि रडूही. "मग सासूबाईंना..."

"त्यास्नी वाचता येत न्हाई. बरंच हाय की. आन् तुमी दोघी आल्या त्या दिशी तुमच्या पिशवीतनं पानी गळताना बघितलं म्या. तवाच कळलं कुनाकडं हाय ते. वाटलं, आता ही पोरगी काढती भायेर. तुमी काढला न्हाई." ती मुलीला थोपटत होती. "सासूबाईंला आताबी सांगू नगा."

"नाही सांगणार."

ती मुलीला एका हातावर घेऊन उठली, पाण्याच्या कडेला गेली. "नवस फिटला की पान्यात सोडायचा असतो," ती म्हणाली आणि पाळणा अलगद पाण्यावर ठेवला.

वाळलेलं लाकूड. तरंगायला हवं होतं. तो हाताने धरून खाली न्यावा तसा सरळ खाली गेला. एक बुडबुडाही आला नाही.

मग डोहाच्या मधोमध तरंग उठला. गोल, सावकाश. तो काठाला लागेपर्यंत दुसरा. मी भिंतीकडे कान दिला. पलीकडे काहीच नव्हतं. पक्ष्यांचा आवाजसुद्धा नाही.

"पाळणा सुकला हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

तिच्या हातावर मिटल्या डोळ्यांनी पडलेल्या मुलीने आता डोळे उघडले होते आणि मान पाण्याकडे वळवली होती. सारिकाने टोपड्याचे बंद तिच्या कानांवर घट्ट ओढले.

"चला, वारं सुटलंय," ती म्हणाली. पान हलत नव्हतं. जाताना कमरेची पुरचुंडी सोडून तिने बाहुली माझ्या हातावर ठेवली. "आमचं आमाला मिळालं. तुमचं तुमी न्या."

पप्पा गाडीला टेकून उभे होते. "कंपनी बंद असली की किती शांत वाटतं इथं," ते म्हणाले. "नाहीतर तो प्रेस, धाड धाड."

"आज प्रेस चालू नाही ना, पप्पा?"

"गुरुवारी? खुळी का काय तू."

मी गाडीवर मागे बसले.

खेळाच्या नियमाप्रमाणे ही बाहुली आता पुन्हा पुनावळ्याच्या वीरगळीमागे ठेवायला हवी. ऋतुजा म्हणाली, मी येते सोबत. एकदा वीरगळीपर्यंत गेलोही. मधल्या पट्टीतल्या बिनतोंडाच्या बायकांकडे पाहिलं आणि मी बाहुली परत घेऊन आले, कारण माझ्यानंतर ती कोण उचलेल आणि कुठे नेईल, हे मला कळणार नाही. आता ती आमच्या खिडकीत आहे, पाळण्याच्या जागी. ती ओली नाही. मी उजेडात धरून पाहिली, आईने बोटाने चाचपून पाहिली. तिला कुठेही भोक नाही, कुठे सांधा सुटलेला नाही. हलवली की आत पाणी वाजतं.